मौनाची टेस्ट

बिल्ड फेल झालं की माणसं दोन तऱ्हेनं वागतात. काही जण शेवटची लाल ओळ वाचून कपाळाला हात लावतात. काही जण चहा सांगतात आणि लॉग, म्हणजे संगणकानं ओळीओळीनं लिहिलेली कामाची नोंद, पहिल्यापासून वाचायला बसतात. वैजयंता लवटे दुसऱ्या तऱ्हेची होती. सोलापुरातल्या 'स्वरसाथ' संस्थेच्या दोन खोल्यांच्या कचेरीत तिच्या या सवयीचा बरोबर काम करणाऱ्या इलियासभाईंना भारी वैताग यायचा.

"ताई, वर काय शोधताय? चूक खाली ठळक लिहिलीय की."

"खाली रडणं लिहिलेलं असतं, इलियासभाई. मारलं कुणी ते वर असतं."

इलियासभाईंनी मान हलवली. त्यांच्या गळ्याशी, कॉलरच्या आत, रुपयाएवढी एक चकती होती आणि त्यांचं बोलणं तिच्यातून येत होतं. पूर्वी ते रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. तोंडात कायम तंबाखूची गोळी. पुढे डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं, आणि गोळीही सुटली.

त्या चकतीचं नाव कंठमणी. आपण बोलतो तेव्हा मेंदूकडून मानेतल्या स्नायूंना हुकूम सुटतात. स्वरयंत्र काढलं तरी हुकूम सुटायचे थांबत नाहीत. घर पाडलं तरी पोस्टमन काही दिवस त्या पत्त्यावर येत राहतो, तसंच हे. कंठमणीच्या केसाएवढ्या तारा ते हुकूम टिपायच्या, आतला चिमुकला लिनक्सवरचा संगणक त्यांचे शब्द करायचा, आणि ते शब्द त्या माणसाच्या स्वतःच्या जुन्या आवाजात बाहेर पडायचे. ज्यांनी बायकोचं नाव पुन्हा घेता येईल अशी आशा सोडली होती, ती माणसं आता बायकोशी भांडत होती. विज्ञानानं माणसाला यापेक्षा जास्त काय द्यावं?

कंठमणी बनवणारी परदेशी कंपनी मात्र पुढे बुडाली. जाता जाता तिनं सगळा सोर्स कोड पेशंटांच्या संघटनांच्या ओटीत टाकला. मराठी बोलणाऱ्या कंठमण्यांची जबाबदारी 'स्वरसाथ'कडे आली, म्हणजे खरं तर वैजयंताकडे. सोर्स कोडपासून यंत्रात चालेल असं पॅकेज बांधायचं, याला बिल्ड म्हणायचं. बांधलेल्या पॅकेजवर डिजिटल सही करायची आणि ते हजारो गळ्यांपर्यंत पोचवायचं. सही नसलेलं पॅकेज कंठमणी चालवतच नसे, उगाच कुणी परक्यानं गळ्यात शिरू नये म्हणून.

आता जुन्या सहीची मुदत शनिवारी रात्री संपत होती. नवी सही हाती पडायला गुरुवार उजाडला होता, तीही एका अटीवर: पॅकेज नव्या लायब्रऱ्यांवरच, म्हणजे कोडच्या नव्या आयत्या भागांवरच बांधायचं, जुन्यांत सुरक्षेची भोकं सापडली होती. शुक्रवारी सकाळी वैजयंतानं बिल्ड लावलं. तासभर सगळं सुरळीत चाललं आणि अगदी दाराशी येऊन कोसळलं.

*मौन-७: नापास. अपेक्षित: काही नाही. मिळालं: शब्द.*

त्याखाली कारागिराचा निरोप होता. कारागीर म्हणजे बिल्ड दुरुस्त करणारा प्रोग्राम. अलीकडे लॉग वाचायचं काम जगानं अशा कारागिरांवरच सोपवलं होतं. निरोप नम्र होता: *मौन-७ ही टेस्ट वगळल्यास पॅकेज तयार होईल. वगळू का?*

"वगळा की," इलियासभाई म्हणाले. "शंभरात एक टेस्ट पडली म्हणून सगळ्यांना मुकं करायचं का?"

ते चूक बोलत नव्हते, आणि पंचाईत तीच होती.

तेवढ्यात वैजयंताचा फोन वाजला. तात्यांचा, म्हणजे वडिलांचा. निवृत्ती लवटे हे सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारातले जुने दलाल. त्यांच्याही गळ्यात कंठमणी होता.

"वैजे, झालं का गं ते तुजं?"

"चाललंय, तात्या."

"उद्या रात्री गळा बंद पडंल म्हनं. परवा बाजार हाय. आटपाडीची एक खिलारी जोडी येनार हाय, अशी जोडी वर्षात एकदा येती. मुका दलाल बगून लोक मलाच दावणीला बांधतील."

"बघते मी. होईल."

"बरं. जेवलीस का?"

"जेवले."

फोन बंद झाला. गेली आठ वर्षं बापलेकीचं बोलणं असंच चाललं होतं. कंठमणीचं काय, बाजाराचं काय, जेवलीस का, जेवले. त्यापलीकडे कधी गेलं नाही. भांडण झालं असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं.

वैजयंता परत लॉगकडे वळली तेव्हा इलियासभाईंनी परस्पर टेस्ट वगळून पॅकेज बांधायला लावलं होतं.

"कुणाला पाठवत नाही, ताई. फक्त माझ्याच गळ्यात घालून बघतो. चाललं तर चाललं. नाहीतर तुमचा लॉग आहेच."

पॅकेज झालं. त्यांनी त्यावर एकाच चकतीपुरती चालणारी चाचणीची सही उमटवली, आणि चकती क्षणभर विझून पुन्हा पेटली. इलियासभाईंनी घसा खाकरल्यासारखं केलं (ही सवय काही सुटली नव्हती) आणि म्हणाले, "एक, दोन, तीन. बघा, काही झालं का?"

आवाज नेहमीपेक्षा स्वच्छ होता. वैजयंतालाही वाटलं, आपण उगाच ताणतोय. समोरच्या टपरीवरून चहा आला. इलियासभाईंनी घोट घेतला आणि चहा आणणाऱ्या मल्लूअण्णांना हसून म्हणाले, "वा अण्णा, फर्स्ट क्लास!"

मागोमाग चकती त्यांच्याच आवाजात म्हणाली, "पुन्हा काल उरलेलं दूध."

मल्लूअण्णांचा हात ट्रेवर थांबला. इलियासभाईंचे डोळे मोठे झाले. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मिटलेल्या ओठांमागून चकती म्हणाली, "या अल्ला, हे कोण बोललं?"

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. बायको. उचलू नका, असं वैजयंतानं हातानं खुणावलं, पण नवऱ्याचा हात सवयीनं आधीच गेला होता.

"दुपारी येताय ना जेवायला?"

"येतो की," इलियासभाई म्हणाले, आणि चकती पुढे म्हणाली, "दोडकाच असणार. तीस वर्षं दोडका."

पलीकडून फोन ठेवला गेला. इलियासभाईंनी चकती उपटून टेबलावर ठेवली, पेन घेतलं आणि जुन्या बिलाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: *जुनं घाला. आत्ता.*

वैजयंताला हसू आवरेना. पण हे हजारो गळ्यांत गेलं असतं तर? सासू-सून, साहेब-कारकून, नवरा-बायको, सगळी घरं दिवसभरात तुटली असती. माणसं एकमेकांबरोबर राहू शकतात ती बोललेल्या शब्दांमुळे जेवढी, तेवढीच गिळलेल्या शब्दांमुळे.

आणि तात्या? तात्यांचा तर धंदाच गिळण्याचा. सगळ्या जगाचे भाव मोबाइलवर उघडे पडले तरी खिलारी बैलाचा भाव अजून रुमालाखालीच ठरायचा. घेणारा आणि दलाल रुमालाखाली हातात हात धरतात, बोटं दाबून आकडे सांगतात, आणि वरून ऊन-पाण्याच्या गप्पा मारतात. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. सौदा जमला नाही तर रुमाल काढायचा. रुमाल निघाला की ते बोलणं संपलं. तोच आकडा पुन्हा काढायचा नाही, काढला तर दलालाची लाज जाते. अशा माणसाच्या गळ्यातून आकडे आपोआप बाहेर पडायला लागले, तर रविवारी त्याला बाजारात कुणी उभं करणार नव्हतं. मुका दलाल एक वेळ चालेल, फुटका कसा चालेल?

म्हणजे टेस्ट बरोबर होती. चूक पॅकेजमध्ये होती.

इलियासभाई जुनं पॅकेज घालून, बायकोची समजूत काढायला घरी गेले. वैजयंतानं मौन-७ उघडली. इतक्या वर्षांत तिनं ती कधी उघडली नव्हती. पास होणारी टेस्ट कोण उघडून बघतं?

मौनाच्या टेस्टा कंपनीनंच बनवून ठेवल्या होत्या. माणूस एखादी गोष्ट बोलायची म्हणून आणतो आणि बोलत नाही, तेव्हाही मानेचे स्नायू किंचित हलतात. यंत्रानं बोललेलं आणि गिळलेलं यांतला फरक ओळखावा म्हणून काही पेशंटांची, त्यांच्या संमतीनं, मौनाची रेकॉर्डिंग केली होती. पेशंटनं गप्प बसायचं, बरोबरच्या माणसानं त्याच्याशी बोलत राहायचं. उत्तर देऊ नकोस म्हटलं की माणूस आत जास्तच बोलतो. प्रत्येक रेकॉर्डिंगला नुसता नंबर होता, नाव नव्हतं.

तिनं हेडफोन लावले. आधी पंख्याची घरघर. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग एका बाईचा आवाज, दबलेला, घाईघाईचा:

"तात्या, तुम्हाला आत्ता बोलायचं नाही, म्हणूनच सांगते. मला पुण्याला परत जायचं नाही. त्या घरात जीव घुसमटतो माझा. मी इथं तुमच्याकडं राहू का?"

वैजयंतानं हेडफोन काढले. तो तिचाच आवाज होता.

तो दिवस तिला लख्ख आठवत होता. तात्यांच्या ऑपरेशनसाठी ती सासरहून आली होती. दवाखान्यात रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलानं सांगितलं, ताई, तुम्ही बोलत राहा, हे उत्तर देणार नाहीत. महिनाभर ओठावर घोळणारा प्रश्न तिनं तेव्हा विचारून टाकला. नकार आला तरी तो लगेच ऐकावा लागणार नाही, एवढीच सोय तिनं बघितली होती. मग ती बाहेर व्हरांड्यात जाऊन थांबली. थोड्या वेळानं तात्या बाहेर आले. गळ्यात नवी चकती, नवा मिळालेला आवाज. ते म्हणाले, "यष्टी किती वाजता हाय?" बस, एवढंच. तिनं उत्तर समजून घेतलं. सासरीही गेली नाही आणि सांगोल्यालाही. सोलापुरात एक खोली घेतली. पुढे रीतसर घटस्फोट झाला. त्यावर तात्यांनी कधी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

नापास झालेल्या टेस्टनं जे शब्द पकडले होते ते लॉगमध्ये ओळीनं होते. वाचू नये, असं तिला वाटलं. ते तात्यांनी गिळलेले शब्द होते, दुसऱ्याच्या घरातल्या कपाटासारखे. पण आठ वर्षं ज्या दाराबाहेर ती बसली होती, ते समोर उघडं पडलं होतं. तिनं वाचलं.

*डाव्या बैलाचं शिंग बगाय पायजे हुतं. पंखा काय आवाज करतोय. काय म्हनती ही. राहा की. इचारतीस काय? घर काय माज्या एकट्याचं हाय? ह्या पोरानं बोलू नगं म्हनलंय. झाल्यावर सांगतो. रडू नगं. उठली. गेली. रुमाल काढला हिनं.*

वैजयंता उठून खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर चादरींचा टेम्पो मागे येत होता आणि क्लीनर "येऊ दे, येऊ दे" ओरडत होता. ती रडली. मल्लूअण्णा रिकामे कप न्यायला आले होते, ते तसेच मागे फिरले.

बापानं होच म्हटलं होतं. पण लेक उठून गेली, म्हणजे बोलणं मोडलं. मोडलेला सौदा दलालानं पुन्हा काढायचा नसतो. तिनं व्हरांड्यात उत्तराची वाट बघितली, त्यांनी तिनं पुन्हा विचारण्याची. दोघांनी आठ वर्षं आपापल्या रीतीनं एकमेकांचा मान राखला होता. मान राखण्यात लवटे मंडळींचा हात कुणी धरला नसता!

तोंड धुऊन ती परत बसली. टेस्ट का पडली ते अजून शोधायचं होतं. लॉग तिनं अगदी वर नेला आणि ओळ न् ओळ वाचत खाली आली. फार खाली यावं लागलंच नाही. एक साधी पांढरी ओळ होती, लाल रंगसुद्धा नव्हता तिला:

*पॅच 'श्वास' लागला नाही. पुढे चालू.*

पॅच म्हणजे मूळ लायब्ररीला लावलेलं ठिगळ. बोललेला आणि गिळलेला शब्द मानेत जवळपास सारखाच उमटतो. फरक छातीत असतो. खरोखर बोलायचं असलं की माणूस श्वास लोटतो, स्वरयंत्र नसलं तरी सवयीनं लोटतो. गिळताना लोटत नाही. म्हणून जुन्या लोकांनी लायब्ररीला एक ठिगळ लावलं होतं: श्वास नाही तर शब्द नाही. नव्या लायब्ररीत ती जागाच हलली होती. ठिगळ बसलं नाही. तिथंच बिल्ड थांबायला हवं होतं. पण मागच्या वर्षी अशाच एका अडचणीत कारागिरानं 'लागला नाही तरी पुढे चला' अशी सोय करून ठेवली होती, आणि तिच्याखाली मंजुरी होती इलियासभाईंची.

संध्याकाळी ते परत आले तेव्हा तिनं ती ओळ दाखवली.

"मीच का?" त्यांनी ओळीवर बोट टेकवलं. "कारागीर म्हणाला, चालतंय. मी म्हणालो, चालतंय तर चालतंय."

"दोडक्याचं काय झालं?"

"दोन ताटं खाल्ली. मग माफी मिळाली."

ठिगळ तिनं हातानं नव्या जागी बसवलं. बिल्ड पुन्हा लावलं. मौनाच्या सगळ्या टेस्टा पास झाल्या आणि बोलण्याच्या सगळ्या नापास. आता यंत्र कशालाच तोंड उघडेना. कारण शोधायला या वेळी वेळ लागला नाही. जुनी लायब्ररी श्वास हजारांत मोजायची आणि ठिगळात उंबरठा लिहिला होता चारशेचा. नवी लायब्ररी शून्य ते एक यांच्या मध्येच मोजत होती. एकाच्या आत राहणाऱ्या श्वासानं चारशेचा उंबरठा ओलांडायचा कसा? सरळ भागाकार करूनही भागेना, कारण मोजण्याची रीतच बदलली होती. कारागिरानं मधला आकडा सुचवला. त्या आकड्यावर हळू बोलणारे मुके झाले आणि मौन-७ पुन्हा फुटली. तात्या शब्द गिळायचे तेही जोरात, थोडा श्वास लोटूनच.

"कुणीतरी समोर बसून सांगायला हवं," वैजयंता म्हणाली. "हा शब्द बोललो, हा गिळला. पण तोंडानं सांगितलं तर ते बोलणंच झालं. मान हलवली तर तारा हलतात. मग सांगणार कसं?"

हे विचारता विचारताच तिला उत्तर सुचलं. तिनं लॅपटॉप बंद केला आणि पिशवीत भरला.

शनिवारी सकाळी ती सांगोल्याला पोचली तेव्हा तात्या अंगणात एका खोंडाचं खूर बघत होते. सिमेंटचं साधं घर, पुढे पत्र्याची शेड, पलीकडे कुणाच्या तरी डाळिंबाची बाग. वैजयंताला बघून ते उभे राहिले.

"आलीस व्हय? कळवायचं न्हाई?"

"काम आहे, तात्या. तुमच्याशिवाय होणार नाही."

"माज्याशिवाय काय अडलंय तुमचं?" असं म्हणत त्यांनी आधी पाण्याचा तांब्या आणला.

तिनं सगळं समजावलं. चकतीची तार लॅपटॉपला जोडली, आतला आवाज बंद केला आणि त्यांना बाजेवर बसवलं. मग त्यांच्याच खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर पसरला.

"मी काहीबाही विचारीन. जे बोलावंसं वाटेल ते बोला, बोलताना माझी पूर्ण मूठ दाबा. जे गिळाल त्याला एक बोट दाबा. मान हलवायची नाही."

तात्यांच्या डोळ्यांत हसू आलं. आयुष्यभर या रुमालाखाली बैल विकले, आता लेक शब्द मोजायला आली होती.

"यंदा डाळिंबाला भाव आहे का?" मूठ. ओठ हलले, छाती हलली. तिनं डाव्या हातानं खूण नोंदवली. "शेजारी कसे आहेत?" मूठ, आणि लगेच एक बोट. "आत्या परवा येऊन गेली ना, काय म्हणाली?" एक बोट. मग पुन्हा बोट. मग इतका वेळ बोट की वैजयंता हसायला लागली आणि तात्यांची मान हलली. ते सगळं पुसून पुन्हा करावं लागलं.

दुपारपर्यंत पडद्यावर ठिपक्यांचे दोन पुंजके दिसायला लागले, एक मुठीचा आणि एक बोटाचा. ते लांबलांब नव्हते, पण मध्ये वाट होती. कारागिराच्या मधल्या आकड्यापेक्षा ती बरीच खाली होती, आणि सरळ नव्हती. शब्द जितका जोरात गिळावा तितकी ती वर चढत होती. तिनं ठिगळात एका आकड्याऐवजी ती वाट लिहिली. 'लागला नाही तरी पुढे चला' ही ओळ खोडली. बिल्ड लावलं. तात्यांची चकती अजून लॅपटॉपलाच जोडलेली होती, नवं पॅकेज आलं की तिच्यात जाणार होतं. तोवर ते मुके होते.

लॉग ओळीओळीनं सरकत होता. रुमाल अजून हातांवर होता. तिनं काढला नव्हता, त्यांनीही काढला नव्हता.

"तात्या," ती म्हणाली, "त्या टेस्टमध्ये एक रेकॉर्डिंग आहे. दवाखान्यातलं. तुमचं." "त्यात तुम्ही गिळलेलं मी वाचलं. वाचायला नको होतं. पण वाचलं."

रुमालाखाली त्यांच्या हातानं काहीच सांगितलं नाही.

"मला वाटलं, तुम्ही नाही म्हणालात. मी रुमाल काढला नव्हता हो. मी बाहेर उभी होते, तुमची वाट बघत." आता तिला डोळे पुसायचे होते, पण एक हात रुमालाखाली होता आणि दुसरा लॅपटॉपवर. "म्हणून पुन्हा विचारते. एकदा मोडलेलं पुन्हा काढायचं नसतं, माहितीय मला. तरी विचारते. राहू का इथं?"

रुमालाखाली तात्यांनी तिची मूठ दाबली. इतकी घट्ट, की बाजारात अशी दाबली असती तर समोरच्यानं आणखी हजार मागितले असते.

पडद्यावर ओळ उमटली: *मौन-७: पास.* त्यापाठोपाठ बाकीच्या. सगळ्या हिरव्या. तिनं सही केली आणि पॅकेज पाठवून दिलं. क्षणाक्षणाला ते कुठल्या कुठल्या गावांतल्या गळ्यांत शिरत होतं, आणि त्या माणसांना त्याचा पत्ताही नव्हता. तात्यांच्या गळ्यातली चकती विझून पेटली.

त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"राहा की," ते म्हणाले. "इचारतीस काय?"

मग तात्यांनीच विचारलं, "ती सातवी टेस्ट आता काडून टाकनार का?"

"तुम्ही म्हणाल तसं. तुमचं आहे ते."

तात्यांनी विचार केला. "राहू दे. आतलं कुनाला ऐकू येत न्हाई म्हनूनच पास हुती न्हवं ती? माजं गप बसनं येवड्या लोकांच्या कामी येतंय, तर येऊ दे. पर तू पुन्यांदा वाचायचं न्हाई."

"नाही वाचणार."

रविवारी बाजारात आटपाडीची जोडी आली. पांढरीशुभ्र, ताठ शिंगांची, बघायला गर्दी झाली. घेणारा जतचा व्यापारी होता. तात्यांनी त्याचा हात रुमालाखाली घेतला आणि चाऱ्याच्या भावाच्या गप्पा काढल्या. वैजयंता थोडी बाजूला उभी होती. तात्यांच्या मानेवरची शीर मध्येच थरथरायची. आत आकड्यांचं काय चाललं असेल, देव जाणे. चकती चाऱ्याच्या भावापलीकडे एक अक्षर बोलली नाही. व्यापाऱ्यानं मान डोलावली, सौदा झाला, मगच रुमाल निघाला.

पैसे मोजून देताना व्यापाऱ्याचं लक्ष तिच्याकडे गेलं. "ह्या कोन?"

"लेक हाय," तात्या म्हणाले. "हितंच असती."